दोन लेकरं झाली तरी पुरेल असा स्वेटर

आमच्या घरात कुणाला कधी स्वतःच्या मापाचा कपडा मिळाला नाही. वैजापूरकडच्या आमच्या गावात शिंप्याकडे गेलो की तो टेप काढायच्या आधीच आई म्हणायची, "वाढत्या अंगाचं शिवा." मग परकराच्या खालच्या कडेला आडव्या टिपा घातल्या जायच्या आणि मी उंच होईन तशी एकेक टीप उसवली जायची. झंपर खांद्यावरून घसरायचा, बाह्या कोपराखाली लोंबायच्या. कपडा अंगाला नीट बसायला लागला की समजायचं, आता तो फाटणार. मला यात काही वावगं वाटत नव्हतं, सगळ्यांचं तसंच होतं. माणसानं आज जसं आहे तसं दिसायचं नसतं, पुढं जे व्हायचं आहे त्याची तयारी अंगावर वागवायची असते, असं काहीतरी मी त्या टिपांबरोबर शिकले असणार. ते शिकणं मोडायला मला एक अख्खा स्वेटर उसवावा लागला. त्याची हकीकत लिहिते आहे. लिहिताना राग येतो आहे, हेही आधीच सांगते. इतक्या वर्षांनी तो निवायला हवा होता.

मॅट्रिक झाल्यावर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला औरंगाबादला त्यांच्या बहिणीकडे आणून सोडलं. शहराचं नाव आता बदललं आहे, पण मी राहिले ते औरंगाबादेत, म्हणून इथं तेच लिहिते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, मुलगीच काय, मुलगाही नाही. दादा मला, सिंधूला, सिंधी म्हणायचे, आणि गावात सांगत फिरले होते, "सिंधी कालिजात जाती." ते सांगताना त्यांची मान ताठ व्हायची, ते मला फार आवडायचं. आत्याचं घर शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत होतं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, सरकारी कचेरीत होते, फार बोलत नसत. बाळू हा त्यांचा एकुलता मुलगा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, नव्या कारखान्यात पाळीवर जायचा. कॉलनीच्या चहूकडे जवारीची रानं होती आणि ती दर महिन्याला थोडी थोडी मागं सरकत होती. आज शेत असायचं तिथं उद्या चुन्याच्या रेघा, परवा विटांचा ढीग.

पाऊस नव्हता ते दिवस. सलग दुसऱ्या वर्षी त्यानं तोंड फिरवलं होतं. नळाला पाणी यायचं ते एक दिवसाआड आणि तेही करंगळीएवढी धार. टँकर आला की त्याचा भोंगा ऐकून कॉलनीतल्या बाया साडीचा काष्टा खोचत पळायच्या, बादल्यांचा खणखणाट व्हायचा, भांडणं व्हायची. जेवणात मिलोच्या भाकरी, परदेशातून आलेल्या लाल जवारीच्या. थापताना कडा फाटायच्या, खाताना घशात भुसा गेल्यासारखं वाटायचं. आत्या त्याबरोबर अंबाडीची भाजी करायची आणि वर लसणाची फोडणी द्यायची, तेव्हा ती भाकर उतरायची. मला तिनं उपाशी ठेवलं नाही. बाळूच्या ताटात पडायचं तेच माझ्या ताटात पडायचं. मला ते प्रेम वाटलं होतं. आणि एवढं सगळं कोरडं असताना शेजारच्या प्लॉटवर नव्या बंगल्याच्या भिंतींवर मात्र सकाळ-संध्याकाळ नळीनं पाणी मारायचं काम चालू असायचं. विटा पाणी पीत होत्या आणि आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो. मी कॉलेजला जाताना त्या ओल्या भिंतीशेजारून जायची. ओल्या सिमेंटचा तो वास आजही आला की माझे दात आवळतात.

माझं अंग तेव्हा कसं होतं तेही सांगायला हवं, कारण गोष्ट त्याचीच आहे. हे लिहायला अजून अवघड वाटतं. मी बुटकी, मान आखूड, खांदे रुंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले की आईबरोबर मीही दुष्काळी कामावर जायची. दिवसभर खडी फोडायची, मातीच्या पाट्या डोक्यावर न्यायच्या, दुपारी तिथंच मिळणारी भाजक्या पिठाची कोरडी सुकडी पाण्याबरोबर गिळायची. त्या कामानं खांदे आणखी भरले आणि कंबर मुठीत मावेल अशी झाली. कॉलेजात शहरातल्या मुली सडपातळ, त्यांच्यात मी अंग चोरून बसायची. छातीशी वही धरून चालायची सवय मला तिथंच लागली.

दिवाळी झाल्यावर आत्यानं माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. कॉलनीतल्या बायांचं तेव्हा विणकामाचं वेड होतं. दुपारी ओट्यावर बसून गप्पा मारता मारता सुया चालायच्या, टिकटिक टिकटिक, जणू ओट्याखाली रातकिडे बसलेत. आत्याला फक्त सुलट आणि उलट टाका यायचा, पण हात सफाईदार होता. लोकर तिनं शहागंजातून आणली होती, गडद जांभळ्या रंगाची, वांग्यासारखी. माझ्यासाठी नवी लोकर! मी रोज कॉलेजातून आले की किती वीण झाली ते बघायची. पाठीचा भाग तयार झाला तेव्हा तो आत्याच्या मांडीवरून दोन्ही बाजूंना खाली लोंबत होता.

"आत्या, माझं माप घ्यायचं नाय का?" मी विचारलं.

"माप कशाला? माझ्या डोळ्यात हाय तुझं माप," ती म्हणाली आणि हसली.

त्या दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली होती. भाऊबीजेला मी बाळूला ओवाळायला ताट तयार केलं, तर आत्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू नगं ओवाळू. आन् त्याला दादा बी म्हणत जाऊ नगं आता, बाळासाहेब म्हण." मला वाटलं, मी सख्खी बहीण नाही, आश्रित आहे, म्हणून. मी मोरीत जाऊन रडले होते. आता वाटतं, ज्या गोष्टीवर रडायचं ती मला कळलीच नव्हती. आमच्यात आत्याचा भाचीवर हक्क असतो, भावाची लेक सून म्हणून बहिणीनं मागितली तर भाऊ नाही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. गावात किती घरांत तसं झालेलं मी पाहिलं होतं. पण कॉलेजात जाणारीला ते लागू होत नसावं, असं मी आपलं गृहीत धरलं होतं.

संक्रांतीला आत्यानं घरी हळदीकुंकू केलं. साखर रेशनची, तरी तिळगूळ केला. वाण म्हणून प्रत्येकीला प्लॅस्टिकचा डबा. खोली बायांनी भरली होती. काळ्या साड्या, अबोलीचे गजरे, हळदीकुंकवाचा वास. मी आत तिळगुळाची ताटं लावत होते. आत्यानं हाक मारली, "सिंधू, ये हिकडं." बाहेर गेले तर तिच्या हातात तो स्वेटर, पूर्ण झालेला. सगळ्यांसमोर तिनं तो माझ्या डोक्यातून खाली ओढला. अंधार झाला, लोकरीचा उबट वास आला, मग डोकं बाहेर निघालं. खाली बघितलं तर स्वेटर गुडघ्याच्या जरासा वर. खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर. बाह्यांतून नुसती बोटांची टोकं दिसत होती. आणि पोटावर एवढी जागा, की मी दोन्ही हात आत घेतले असते तरी मावले असते.

एक बाई म्हणाल्या, "अहो, किती मोठा केलात! पोर हरवली की त्यात."

आत्या म्हणाली, "आज मोठा हाय. पोरीचं अंग काय असंच राहतंय व्हय? शाळा सुटली की उन्हाळ्यात बार उडवायचा हाय. मग दोन लेकरं झाली तरी पुरंल असा विणलाय."

खोलीभर हसू पिकलं. कुणीतरी माझ्या पोटावरची लोकर चिमटीत धरून ओढून दाखवली, "हं, इथं पहिलं, इथं दुसरं!" पुन्हा हसू. "घ्या सूनबाई, नाव घ्या बाळासाहेबांचं!" एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली. मी भिंतीला टेकून उभी. बायांना वाटलं, मी लाजले. लाजणं आणि संताप यांत तोंड सारखंच लाल होतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि बायकांना ते कधीच वेगळं करून का दाखवता येत नाही, याचाही राग आला. आत्या ज्याला शाळा म्हणत होती ते माझं कॉलेज होतं. पी.यू.सी.चं वर्ष होऊन बी.ए.चं पहिलं वर्ष संपत आलं होतं, पुढची दोन वर्षं बाकी होती. उन्हाळ्यात बार उडाला असता तर ती दोन वर्षं तिथंच संपली असती.

बाया गेल्यावर बाळू पाळीवरून आला. हात धुऊन ताटावर बसला. मी वाढायला होते. मी विचारलं, "बाळासाहेब, तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "काय?"

"उन्हाळ्याचं."

"आईला विचार," तो म्हणाला, "मला भाजी वाढ."

बस, एवढंच. तो वाईट माणूस नव्हता. पुढं त्यानं दुसऱ्या एका मुलीशी नीट संसार केला, दारू प्यायला नाही, कुणावर हात टाकला नाही. पण त्याच्यावरचा माझा राग कमी होत नाही, आणि त्याचं कारण मला आता नीट सांगता येतं. माझं आयुष्य ताटात पडलं होतं आणि त्याला भाजी हवी होती.

चार दिवस मी तो स्वेटर घालूनच कॉलेजात गेले, कारण सकाळचे वर्ग असायचे, गारठा कडक होता आणि दुसरं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी फाटकात शकीला भेटली. ही माझी वर्गमैत्रीण, जुन्या शहरातली, घरात पाच बहिणी, बोलण्यात दख्खनी. ती मला बघून थांबली आणि पोट धरून हसायला लागली.

"अगे अल्ला! ये क्या पहनी तू? कांदे का बोरा?"

तिनं माझ्या दंडावरची शिवण चिमटीत धरून ओढली.

"कंधा किदर, शिलाई किदर! ये किसके नाप का है?"

"माझ्याच," मी म्हणाले, "पुढच्या मापाचा आहे." आणि मग तिथंच झाडाखाली बसून मी तिला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. बराच वेळ स्वेटरची कड बोटांनी चाचपत राहिली. मग म्हणाली, "ऊन अच्छा है. उधेड डाल."

उसवायचं. ते माझ्या मनातही आलं नव्हतं. आत्यानं दोन महिने विणलेलं! शकीला म्हणाली, विणलेला कपडा कात्रीनं बारीक करता येत नाही, कापला की सगळा सुटतो. तो उसवायचा, लोकर धुऊन सरळ करायची आणि पुन्हा विणायचा. तिच्या घरी सगळ्या बहिणी विणायच्या, मला ती शिकवणार होती. "लेकिन ऊन गीला करना पडता. नहीं तो टेढामेढा रहता, वैसाच बुनने में आता."

आत्या एका दुपारी भजनाला गेली. मी मागच्या अंगणात बसून शिवणी उसवल्या, पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या. मग गळ्याच्या बाजूनं धागा ओढला. सर्रर्र करत ओळीमागून ओळ सुटत गेली. मला वाटलं होतं भीती वाटेल. उलट हात थांबेचना. मी पाय लांब करून गुडघ्यांभोवती लोकर गुंडाळत होते आणि तिच्या लडी बनत होत्या, प्रत्येक धागा शेवयांसारखा कुरळा. ओळ सुटताना मी मनात काय काय बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे पहिलं, हे दुसरं.

पाण्याचा प्रश्न होता. त्या दिवशीचं माझं आंघोळीचं पाणी मी वापरलं नव्हतं, झाकून ठेवलं होतं. त्यात लडी बुडवल्या, पाणी जांभळं झालं, पिळून दोरीवर टांगल्या आणि कुरळेपणा जावा म्हणून खालच्या टोकाला सुतळीनं वरवंटा बांधला. दोरी वाकली. लोकर हळूहळू ताणत खाली येत होती आणि मी बघत बसले होते, तेवढ्यात आत्या आली.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "माझा सुएटर?"

"व्हय."

"उसवलास?"

"मोठा व्हत व्हता."

"अगं रांडंचे, लोकं घोटभर पाण्याला तरसायल्यात आन् तू लोकर भिजवतीस? पाण्यात?"

"माझ्या आंघोळीचं व्हतं. मी आंघोळ केली नाय."

"तुझं? ह्या घरात तुझं काय हाय गं? पाणी तुझं, लोकर तुझी? कुणाच्या जिवावर कालिज करतीस?" तिनं दोरीवरची लड ओढली, वरवंटा तिच्या पायाजवळ आदळला. शेजारी नळीचं पाणी भिंतीवर पडत होतं, त्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू येत होता. मी त्या भिंतीकडे बोट केलं. आत्यानं तिकडं पाहिलंही नाही. "परत वीण," ती म्हणाली, "जसा व्हता तसा. आन् भावाला निरोप धाडते मी. येऊन बघू दे त्याला, काय दिवे लावले लेकीनं."

पाण्याचं भांडण पाण्यासाठी नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण त्या दिवसांत पाण्यावरून भांडलं की कुणी तुम्हाला चूक म्हणत नसे. तिनं तेच धरलं. दुष्काळानं माणसं वाईट झाली असं म्हणतात. मला वाटतं, जे आधीपासून मनात होतं ते बोलायला दुष्काळानं निमित्त दिलं.

मी लडी वाळवल्या, गोळे केले आणि शकीलाकडे नेऊन ठेवले. कॉलेज सुटलं की दुपारी तिच्याकडे जायची. जुन्या शहरातल्या गल्लीत तिचं घर, अंगणात डाळिंबाचं झाड, वाळायला ठेवलेल्या मिरच्या. तिची अम्मी मला पाहिलं की चहात बुडवायला नानखटाई द्यायची आणि म्हणायची, "खा गे, लडने वालों कू ताकत होना." तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा माप दिलं. शकीलानं टेप माझ्या छातीभोवती घेतला तेव्हा मी श्वास रोखून अंग आत ओढलं. ती ओरडली, "सांस छोड! तेरा बदन है, चोरी का माल नहीं!" तिच्या बहिणी हसल्या. मीही हसले, आणि मग रडले, आणि कुणी काही विचारलं नाही.

मग आमची खलबतं. माझे खांदे रुंद, म्हणून खांद्यावर आडव्या पट्ट्या नकोत, नाहीतर मी दारासारखी दिसेन. मान आखूड, म्हणून बंद गळा नको, पुढं टोकदार उतरता गळा घ्यायचा, म्हणजे मान लांब वाटते. खालची पट्टी एक सुलट एक उलट, ती घट्ट बसते, आणि लांबी कमरेच्या हाडाशी थांबवायची. तिथून वर येताना दोन्ही कडांना हळूहळू टाके कमी करत कंबर आत घ्यायची, आणि कंबर संपली की छातीपर्यंत पुन्हा एकेक वाढवत न्यायचे. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडायची ती काख, खांद्याच्या हाडापाशीच यायला हवा. अंगभर उभ्या सरी. मला हे सगळं अवघड गेलं. कितीदा टाके सुटले, एका बाजूला कंबर आत आली आणि दुसरीकडे नाही, तेव्हा शकीलाच्या धाकट्या बहिणीनं विचारलं, "आपा, इसका आदा पेट भरा और आदा भूका है क्या?" पुन्हा उसवलं. उसवायची भीती मात्र आता गेली होती.

पूर्ण झाला त्या दिवशी त्यांच्या कपाटाच्या लांब आरशासमोर मी तो घातला. तोवर मी आरशात फक्त तोंड बघितलं होतं, भांग सरळ आहे का एवढ्यापुरतं. आता अख्खी मी होते. खांदे रुंदच होते, पण ते आता चुकीचे दिसत नव्हते, त्यांच्याखाली कंबर होती म्हणून ते शोभत होते. मी बाजूनं वळून पाहिलं. मी चांगली दिसत होते. हे वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. आणि त्याच क्षणी केवढा संताप आला! हे अंग खडी फोडून, पाट्या वाहून झालेलं, माझं होतं, आणि त्याच्यावर माझ्याआधी सगळ्यांनी विचार करून ठेवला होता. माझी नात हल्ली मुद्दाम ढगळ स्वेटर घालते, दोन जणी मावतील असे. तिची आई कुरकुरते. मी काही बोलत नाही. ते माप तिनं स्वतः निवडलं आहे.

लोकर मात्र खूप उरली. एका मोठ्या पपईएवढा गोळा.

तो स्वेटर घालून मी घरी आले तर पलंगावर दादा बसले होते. आत्याचा निरोप पोचला होता. धोतराला धूळ, शेजारी त्यांची पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली, जसं बाप लेकीकडे बघताना घेतात. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बघ दादा, बघ तुझ्या लेकीची थेरं! कंबर दाखवत फिरायली शेहरात. मी झाकायला इणलं, हिनं उघडायला इणलं."

मी पिशवीतून तो उरलेला गोळा काढला आणि तिच्यासमोर धरला. "आत्या, ही तुमची लोकर. माझ्या अंगाला लागली तेवढी घेतली. ही दोन लेकरांची, ती परत घ्या."

तिनं तो गोळा भिरकावला. तो फरशीवरून घरंगळत दारात उभ्या बाळूच्या पायापर्यंत गेला. बाळूनं पाय बाजूला घेतला.

दादा म्हणाले, "सिंधे, काढ ते. आत्याची माफी माग."

"नाय."

माझ्या आयुष्यातला दादांना दिलेला तो पहिला नकार. मामा वर्तमानपत्राच्या मागं होते. मी म्हणाले, "दादा, मला परीक्षा द्यायची. पुढची दोन वर्षं बी शिकायचं. मी हितं लग्न करणार नाय."

"मग ह्या घरात राहायचं नाय," आत्या म्हणाली. "सून नसंल तर कोण हाय तू माझी?"

भाची, असं मला म्हणायचं होतं. ते म्हणायचं राहूनच गेलं, ती मरेपर्यंत.

दादांनी माझी ट्रंक उचलली. सकाळी आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो. रस्ताभर ते माझ्यापुढं दोन पावलं चालत होते. वैजापूरची गाडी लागली तशी गर्दी धावली. दादांनी खिडकीतून आपलं उपरणं आत टाकलं, एका बाकावर दोन जागा धरल्या. "चल, बस," ते म्हणाले.

मी ट्रंकेवर हात ठेवून उभी राहिले. "दादा, मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंना मी मागंच विचारून ठेवलंय. दोघींच्या खोलीत तिसरी गादी टाकतो म्हणाल्या. पण बापानं येऊन तोंडानं सांगितलं पायजे."

"आन् तुझ्या आत्याला काय तोंड दाखवू मी? शबुद दिलाय तिला."

"कुणाचा दिला? माझा?" माझा आवाज चढला. लोक बघायला लागले. "मला इचारलं व्हतं का? गावभर सांगत फिरला, सिंधी कालिजात जाती. मग कालिजात जाऊ द्या ना! का ते नुसतं सांगण्यापुरतं?"

दादांचा चेहरा असा झाला, की मारतील असं वाटलं. त्यांनी मारलं नाही. कंडक्टरनं घंटी वाजवली. आतून एक माणूस ओरडला, "ओ पाव्हणं, हे उपरणं कुणाचं? बसायचं का नाय?" दादा खिडकीपाशी गेले, हात आत घालून उपरणं ओढून काढलं, खांद्यावर टाकलं. तो माणूस लगेच ऐसपैस बसला. गाडी निघून गेली.

"कुठं हाय ती बाई?" ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

वसतिगृहाच्या बाई ऑफिसात तांदळातले खडे निवडत बसल्या होत्या. दादा उंबऱ्याच्या आत आले नाहीत, बाहेरच चपला काढून उभे राहिले. म्हणाले, "ठेवून घ्या पोरीला. परीक्षेपर्यंत." उपरण्यानं तोंड पुसलं. "शिकंल तवर."

बाईंनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घर सोडून आलीय म्हणे. हट्टी आहे का मुलगी?"

"व्हय," दादा म्हणाले. "लई हट्टी हाय."

त्यांनी माझी बाजू घेतली होती, बहीण तोडली होती, मला ते दिसत होतं. पुढं कितीतरी वर्षं आत्याच्या दारात त्यांना पाणी मिळालं नाही. तरी त्या शब्दानं मी पेटले. मी सगळं मागून मिळवलं, आणि शेवटी त्याला हट्ट म्हणायचं?

मी पुढं झाले. "हट्टी नाही, बाई," मी म्हणाले. "थंडी वाजते म्हणून स्वेटर घातलाय. परीक्षा आहे म्हणून राहते आहे."

बाईंनी ताटातला एक खडा उचलून खिडकीबाहेर फेकला. "जेवण सातला," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर मिळत नाही. ट्रंक आत घे."

दादा वाकले, पण मी त्यांच्याआधी ट्रंक उचलली.